निनादच्या बाबांना मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. नागपूरच्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी आज भाजीत मीठ जास्त झालं हेसुद्धा फोन करून सांगते. मनावर ओझं होतं म्हणून आता सांगतेय, असं समजू नका. ओझं कुठलं? झोप लागते मला. छान लागते. कदाचित तेच सांगायचंय.

इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत तुम्ही कुणालाही विचारा, वृंदा कशी आहे. सगळे म्हणतील, बाई चांगली. कुणाच्या आईला विमानतळावरून आणायचंय, कुणाच्या डोहाळजेवणाला पुरणपोळ्या हव्यात, कुणाचं मूल दोन तास सांभाळायचंय — वृंदाला सांगा. खोटं नाही ते. मी करते हे सगळं, मनापासून करते. फक्त माझ्या वाटेला गेलं कुणी, की मी विसरत नाही. आमच्या आईचं म्हणणं होतं, वृंदा रागावली तर बरं, हसली की जपून राहा.

मी हसले होते त्या दिवशी. वडे गरम आहेत तोवर घ्या, म्हणाले होते. पण थांबा — असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधी बूट सांगते.

बर्फावरून फळीवर उभं राहून घसरत येणारे लोक तुम्ही पाहिले असतील, निदान टीव्हीवर. स्नोबोर्डवाले. त्यातले जवळजवळ सगळे मऊ बूट घालतात आणि आरामात डुलत खाली येतात. आम्ही काही थोडे वेडे हार्ड बूट घालतो. कडक प्लास्टिकचे, पोटरीपर्यंत जखडून टाकणारे. पार्किंग लॉटमधून चालताना खडावा घातल्यासारखा आवाज होतो. फळीही आमची वेगळी, अरुंद आणि ताठ. ती कडेवर उभी करायची. मग ती घसरत नाही, बर्फ कापत जाते, आणि वळणावर आपण इतके आडवे होतो की कंबर बर्फाला टेकते की काय असं वाटतं. याला कार्व्हिंग म्हणतात. मागे बर्फात एक रेघ राहते. बारीक रेघ असेल तर तुम्हाला येतं, रुंद फराटा असेल तर येत नाही. कुणीही वळून बघावं आणि ठरवावं.

पण त्यासाठी सगळं जुळून यावं लागतं. मशीनने दाबून सारखा केलेला उतार हवा, गर्दी नको, आणि ताजा भुसभुशीत बर्फ तर अजिबात नको — म्हणजे बाकीचे ज्या दिवशी आनंदाने नाचतात तो दिवस आमच्या काही कामाचा नाही. सकाळचे पहिले दोन-तीन तास आमचे. त्या तासांसाठी अंधारात निघायचं, टाहोच्या डोंगरांपर्यंत चार तास ड्राइव्ह करायचं, आणि परत येताना ट्रॅफिकमध्ये सडायचं. म्हणून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत शेजारी कुणी हार्ड बूटवाला भेटला ना, तर तो नावसुद्धा नंतर विचारतो. आधी विचारतो, यंदा किती दिवस झाले? आमच्यात माणसाची किंमत या उत्तरावर ठरते. आणि दोन मुलं, नोकरी आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई असलेल्या बाईचं उत्तर काय असणार, सांगा?

मी हे शिकले पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, एमएस करताना. लॅबमधल्या एका अमेरिकन मैत्रिणीने तिचे जुने बूट दिले होते. चार मुली एका अपार्टमेंटमध्ये, थंडीने हाडं गोठायची, घरची आठवण यायची — आणि त्या छोट्याशा टेकडीवर मला पहिल्यांदा या देशात काहीतरी आपलं वाटलं. मी कधी फार ग्रेट नव्हते. पण माझी रेघ बारीक होती.

निनादला हे वेड मी लावलं. तो पुण्याचा, माझ्या टीममध्ये आला तेव्हा एकतीस वर्षांचा, लग्न नाही, शनिवार-रविवार सोफ्यावर लोळत मॅच बघायचा. मला ताई म्हणायचा. मी म्हटलं, चल, काहीतरी दाखवते. पहिल्या दिवशी पन्नासदा आपटला असेल. दुसऱ्या हिवाळ्यात मी त्याच्या मागे होते. आणि तिसऱ्या हिवाळ्यात — हे मी खरं खरं सांगते, कारण पुढे जे येतंय त्याला याच्याशिवाय अर्थ नाही — तिसऱ्या हिवाळ्यात मला त्याच्या नखाची सर येत नव्हती. लिफ्टमध्ये बसलेले लोक बोलणं थांबवून खाली त्याच्याकडे बघायचे. इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं कुणाला करताना पाहिलेलं नाही.

मला कौतुक होतं त्याचं. खरंच होतं. आमच्या टीमला ऑन-कॉल असतो, म्हणजे पाळी असेल त्याने शनिवार-रविवार लॅपटॉप उघडून घरी बसायचं, सिस्टिम बंद पडली तर लगेच हजर. डोंगरावर नेटवर्क धड नसतं. तेव्हा ज्याची पाळी त्याचा बर्फ गेला. पाळ्या मी लावायचे, टीम लीड मी होते. तर त्या तिसऱ्या हिवाळ्यात निनादच्या बऱ्याचशा पाळ्या मी स्वतःवर घेतल्या. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला तसंही घर सोडवत नाही. पोरगं तरुण आहे, हात बसलाय, जाऊ दे त्याला. त्याला हे माहीत होतं. दर वेळी म्हणायचा, ताई, यू आर द बेस्ट.

त्याच हिवाळ्यात, मोजकेच दिवस गेले मी, त्यातल्या एका दिवशी आम्ही दोघं परत येत होतो आणि पुढे अपघात झाल्यामुळे रस्ता तुंबला होता. तेव्हा त्याने मला त्याच्या बाबांचं सांगितलं. ते शाळेत मल्लखांब शिकवायचे. निनादही लहानपणापासून करायचा, चांगला करायचा, आणि दहावीला त्याने सोडून दिला. बाबा ओरडले नाहीत, मारलं नाही. फक्त म्हणाले, "तू धरसोड्या आहेस." त्यानंतर इंजिनिअरिंग झालं, अमेरिका झाली, पगार झाला — बाबांच्या लेखी तो धरसोड्याच. फोनवर कार्व्हिंगचं सांगायचा तर ते म्हणायचे, हं, बघू किती दिवस टिकतंय. निनाद स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "ताई, बाबा एकदा इथे आले ना, तर मी त्यांना काही सांगणार नाही. व्हिडिओ पण नाही दाखवणार. फक्त डोंगराखाली उभं करणार आणि वरून येणार. त्यांना अंग कळतं. बघितलं की कळेल त्यांना."

हे त्याने मला विश्वासाने सांगितलं. लक्षात ठेवा.

पुढच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्याच ओळखीच्या एका घरी पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायचा. मी बटाटेवडे नेले होते, आणि तिथेच स्वयंपाकघरात गरम गरम तळत होते. बाहेर सगळे जमलेले. कुणीतरी निनादला विचारलं, अरे, ते तुझं बुटांचं काय, वृंदापण करते ना ते? आणि मी झारा हातात धरून ऐकत राहिले, कारण मला वाटलं — काय वाटलं असेल मला? की तो म्हणेल, ताईंनीच शिकवलं.

तो म्हणाला, "काकूंचे हार्ड बूट म्हणजे सोवळं आहे हो. वर्षातून दोनदा नेसायचं आणि उरलेलं वर्षभर त्याबद्दल बोलायचं."

काकू. मला. बारा वर्षांनी मोठी आहे मी त्याच्यापेक्षा, फक्त बारा. आणि मग त्याने नक्कल केली, मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसली. कंबरेवर हात, आई गं, हळू हळू बर्फातून उठणारी मी. हुबेहूब केली असणार, कारण हशा थांबेना. मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा माझा नवरा डोळे पुसत होता. माझा मुलगा म्हणाला, "सो ट्रू, आई." निनादने मला पाहिलं, जीभ चावली, म्हणाला, मस्करी हां ताई. आणि मी हसले. वडे गरम आहेत तोवर घ्या.

वर्षातून दोनदा. आणि का दोनदा? कुणाच्या पाळ्या करत बसले होते मी घरी? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. सगळ्यांसमोर एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं, तोंड बंद झालं असतं त्याचं. पण एका वाक्याने मला पुरलं नसतं. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, काय गप्प आहेस? मी म्हटलं, तेलाचा वास डोक्यात गेलाय. तेव्हाच मी ठरवलं होतं. याचेही दोनच दिवस होतील. दोन.

डिसेंबरपासून सुरू केलं. मी काही सगळे शनिवार-रविवार त्याच्या गळ्यात बांधले नाहीत, एवढी मूर्ख नाही मी. कुणीही ओळखलं असतं. मी हवामान बघायचे. आठ-दहा दिवस आधीच अंदाज यायला लागतो. आकाश निरभ्र, थंडी कडक, बर्फ दाबलेला — निनादची पाळी. वादळ येतंय, रस्ते बंद होणार — निनाद मोकळा. मग तो शुक्रवारी बॅग भरायचा आणि शनिवारी सकाळी घरीच असायचा. मला यात मजा येत होती. सकाळी चहा घेताना पहिल्यांदा मी टाहोचं हवामान उघडायचे. स्वतःसाठी कधी इतक्या नेमाने उघडलं नव्हतं.

एकदा त्याने विचारलं, माझी पाळी जरा जास्त येतेय का ताई? मी म्हटलं, अरे, वेणूच्या बायकोला दिवस गेलेत, जरा सांभाळून घ्या एकमेकांना. वेणू आमच्याच टीममधला, आणि दिवस खरंच गेले होते. निनाद लगेच म्हणाला, हो हो, ऑफ कोर्स. भांडणार तरी कसा? त्याच्या ग्रीन कार्डचं काम अर्ध्यात होतं, आणि त्यात माझा शब्द चालायचा. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

इथवर थांबले असते तर मी तुम्हाला हे सांगायला बसलेही नसते. एक हिवाळा गेला कुणाचा, तर काय झालं? बर्फ दर वर्षी पडतो.

फेब्रुवारीत त्याचे बाबा आले. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून एकटेच आले, पाच-सहा आठवड्यांसाठी. मी त्यांना जेवायला बोलावलं. सडसडीत, ताठ, सत्तरीचा माणूस, बोलणं मोजकं. खाली मांडी घालून जेवले, पानात काही टाकलं नाही, उठताना जमिनीला हात लावला नाही. निनाद त्यांच्यासमोर असा बसला होता की माझा आठवीतला मुलगा बरा.

बाबांच्या परतीच्या आधीचा शेवटचा शनिवार निनादने माझ्याकडे मागून घेतला होता. आधीचे शनिवार एक तर पाळीत गेले होते नाहीतर वादळात — का गेले ते मी सांगितलंच आहे. त्याने तिथे खोलीसुद्धा बुक केली होती. मी हो म्हटलं होतं. हवामान बघितलं. इतकी स्वच्छ, इतकी कडक सकाळ त्या सबंध हिवाळ्यात नव्हती.

गुरुवारी मी त्याला बोलावलं आणि सांगितलं, सॉफ्टवेअरच्या रिलीजमध्ये लोच्या झालाय, या शनिवारी तुझ्याशिवाय चालणार नाही. लोच्या झाला होता, पण तो कुणीही सांभाळला असता. वेणूने तर स्वतःहून विचारलं होतं, मी बसतो, निनादचे वडील आलेत ना? मी वेणूला म्हटलं, तू बायकोकडे बघ. हे निनादला आजही माहीत नाही.

त्याचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. मी बघितला, एवढंच सांगते. आणि मग मी म्हटलं, असं कर, काकांना मी घेऊन जाते. ते इतक्या लांबून आलेत, बर्फ तरी बघतील. तुझी खोली आहेच, माझा नवरापण येईल.

त्याला काय वाटलं असेल? मला वाटलं, आता तरी चिडेल. तो म्हणाला, "खरंच न्याल ताई? मग एक करा. त्यांना हे काय असतं ते दाखवा, आणि मला किती येतं ते सांगा. माझं त्यांना पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर पटेल."

मी म्हटलं, सांगते ना.

शनिवारी सकाळी काकांना आम्ही खाली लॉजच्या डेकवर, बाहेरच्या लाकडी सज्जात बसवलं. निनादचं जाड जॅकेट, कानटोपी, हातात चहा. समोर सबंध उतार दिसत होता, एका रेषेत वरपासून डेकपर्यंत. नवरा त्यांच्यासोबत थांबला. मी वर गेले. आणि ऐका, त्या दिवशी मी आयुष्यात कधी नव्हतं केलं असं केलं. एकही वळण घसरलं नाही. कंबर दोनदा बर्फाला लागली. खाली आले तर काका खुर्चीवरून उठून कठड्याशी उभे होते, चहा तसाच. म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

मग मी त्यांच्या शेजारी बसले, बुटांची बकलं सैल करत. नवरा खायला आणायला गेला होता. काका उताराकडे बघत म्हणाले, "याला तपश्चर्या लागते." मी म्हटलं, हो काका. मग त्यांनी विचारलं, "आमचा निनाद कसा करतो?"

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही की मी अडखळले. अडखळले नाही. मला उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं, पण ते शब्द निवडायला लागलं. काय म्हटलं तर सगळ्यात खोल लागेल, हे मी बघत होते. आणि शब्द तर मला त्यानेच दिला होता, तुंबलेल्या रस्त्यावर, स्टिअरिंगवर बोटं वाजवत.

मी म्हटलं, "शिकतोय अजून. हुशार आहे हो, पण धरसोड करतो. यंदा तर दोनदाच आला."

काका माझ्याकडे वळले नाहीत. हं, म्हणाले. "लहानपणापासून तसाच आहे." आणि मग म्हणाले, "तुमच्यात शिस्त आहे." तो चहा त्यांनी प्यायला नाही, गार झाला म्हणून ठेवून दिला. मला आत काहीतरी थंड झाल्यासारखं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. फार बरं वाटलं. दोनदाच आला. माझं वाक्य मी परत केलं होतं.

रविवारी संध्याकाळी त्यांना सोडायला गेलो तर निनादने आमच्या सगळ्यांसाठी खिचडी-कढी करून ठेवली होती. दारातच बाबांकडे बघत होता. विचारत काही नव्हता, नुसता बघत होता. काका बूट काढत म्हणाले, "मॅडमनी दाखवलं. करायचं तर तसं करावं." बास. निनादने माझ्याकडे पाहिलं. मी कढी वाढून घेत होते. मग त्याने फोन काढला, म्हणाला, बाबा, माझा एक व्हिडिओ आहे, मागच्या वर्षीचा — मला म्हणाला होता ना, व्हिडिओ दाखवणार नाही म्हणून? तोच काढला त्याने. काका म्हणाले, "राहू दे. मोबाइलमधलं काय कळतंय. मी बघितलं खरं काय असतं ते." आणि पापड मागितला. निनाद उठून पापड आणायला गेला आणि स्वयंपाकघरातून लवकर आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी सूड संपवला होता. पाळ्या सरळ लावल्या, सगळ्यांना सारख्या. चांगले चांगले शनिवार निनादला मोकळे मिळाले. तो गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, बघू ताई, कंटाळा येतो इतकं ड्राइव्ह करायचा. फेब्रुवारीत त्याने बोर्ड विकला. वर्षभराने फ्रिस्कोला नोकरी घेतली, टेक्ससमध्ये. तिथे शंभर मैलांत डोंगर नाही. निरोपाला आमच्याकडे जेवायला आला होता. जाताना म्हणाला, "बाबांचं बरोबर होतं ताई. माझ्याकडून काही तडीला जात नाही." मी दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, असं नसतं रे — ज्या आवाजात आपण म्हणतो ना, नापास झालेल्या मुलाला, त्या आवाजात.

मुलं मोठी झाली, सासूबाई पुण्याला नणंदेकडे असतात. मी आता भरपूर जाते. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, यंदा किती दिवस, तर माझं उत्तर ऐकून मान डोलावतात. उतारावर मला अजून त्याच्यासारखं कुणी दिसलेलं नाही.

काकांचे फोन मला येत राहिले. दिवाळीला, संक्रांतीला, न चुकता. मॅडम कशा आहात, थंडी आहे का, गेला होतात का बर्फात. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. यंदा संक्रांतीला फोन आला तेव्हा मी घरी एकटी होते, नुकतं जेवण झालेलं, कसलीही घाई नव्हती. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "एक विचारू का? निनाद हल्ली बोलत नाही फारसा. फोन करतो, पण बोलत नाही. मला सारखं वाटतं, मी त्या वेळी त्याला काही लागेलसं बोललो का. तुम्ही बघितलंय त्याला. खरं सांगा मला — त्याला खरंच येत नव्हतं का हो?"

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. माणूस उत्तराला घाबरलेला होता, आणि मला कळत होतं की त्यांना कुठलं उत्तर हवंय. त्यांना हवं होतं की मी म्हणावं, येत होतं काका, माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, मी खोटं बोलले. मग त्यांनी त्याच रात्री टेक्ससला फोन लावला असता.

मी म्हटलं, "नाही काका. नव्हतं येत."

ते म्हणाले, "हं. मग ठीक आहे." आणि तिळगुळाचं म्हणून फोन ठेवला.

डेकवर मी रागात बोलले होते, असं म्हणायला जागा आहे. यंदा संक्रांतीला मला कसलाही राग आलेला नव्हता.